आरोग्य आणि सामाजिक आधार : पदवी शिक्षणाचा एक अभ्यास
(बेळगाव-निपाणी परिसराच्या संदर्भात)

प्रास्ताविक

दरवर्षी जून महिन्यात आपल्यापैकी बहुतेकांच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. नाडी दाखवून झाली, औषधाची चिठ्ठी हातात पडली, की पालक खुर्चीतून उठता उठता पुन्हा बसतात आणि म्हणतात, "डॉक्टरसाहेब, पोरीचा मेडिकलला नंबर लागला नाही. नर्सिंगला घालावं म्हणतोय, नाहीतर ते समाजकार्याचं काय असतं ते. पण पाहुणेमंडळी काय म्हणतील?" या प्रश्नाला आपण बहुधा घाईचे उत्तर देतो. "करू दे की, नोकरी लागेल," असे म्हणून पुढच्या रुग्णाला आत बोलावतो.

प्रश्न मात्र इतक्यावर सोडण्यासारखा नाही. रुग्णाची शुश्रूषा आणि त्याच्या संसाराचा आधार या दोन गोष्टींचा एकत्र अभ्यास पदवीच्या पातळीवर कसा होतो, कसा व्हावा, आणि आपल्या सीमाभागात त्याला विशेष महत्त्व का आहे, याचा विचार डॉक्टरांनीच करावयास हवा. प्रस्तुत लेखात तो आपल्या परिसरातील उदाहरणांच्या आधारे करण्याचा प्रयत्न आहे. लेखक सामान्य व्यवसाय करणारा डॉक्टर आहे, प्राध्यापक नाही. तेव्हा यात विद्वत्तेपेक्षा अनुभवाचा भाग अधिक असेल, हे सुज्ञ वाचकांनी समजून घ्यावे.

संकल्पना

इंग्लंडमध्ये 'आरोग्य आणि सामाजिक आधार' या जोडनावाने तीन वर्षांची पदवी अनेक विद्यापीठांतून शिकविली जाते. शरीररचना व आजार यांच्या जोडीला वार्धक्य, अपंगत्व, बालसंरक्षण, कल्याणकारी कायदे, संवादकौशल्य आणि प्रत्यक्ष संस्थेतील उमेदवारी असे विषय तिच्यात असतात. हे जोडनाव तेथे अनुभवातून आले. ५ जुलै १९४८ रोजी तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा उपचार सर्वांसाठी मोफत झाले; परंतु म्हाताऱ्या, पंगू माणसाला आंघोळ कोण घालणार, जेवण कोण देणार, ही जबाबदारी स्थानिक संस्थांकडे आणि वेगळ्या हिशेबात राहिली. पुढील कित्येक दशके रुग्ण बरा होऊनही घरी नेणारे कोणी नाही म्हणून खाट अडून राहण्याचे प्रकार घडत गेले. अखेर २०१८ साली तेथील आरोग्य खात्याच्या नावातच 'सामाजिक आधार' हे शब्द घातले गेले.

आपल्याकडे हा आधार आजवर कुटुंबाने दिला, म्हणजे खरे पाहता घरातील सुनेने, लेकीने आणि आईने दिला. त्याला नाव नव्हते, म्हणून त्याचा अभ्यासही नव्हता. आज मुले पुण्या-बंगळुरूला आहेत आणि खानापूरच्या किंवा बोरगावच्या घरात सत्तरी ओलांडलेले दोघेच एकमेकांना गोळ्या देत आहेत. नाव नसलेल्या त्या कामाला नाव देण्याची आणि ते शिकविण्याची वेळ आता आली आहे.

थोडा इतिहास

या विचाराचे मूळ पुरुष म्हणून रुडॉल्फ विर्खो यांचे नाव घ्यावे लागते. पेशीविकृतिशास्त्राचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. १८४८ साली वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी प्रशियाच्या सरकारने त्यांना अपर सायलेशिया या प्रांतात टायफसच्या साथीची पाहणी करण्यास पाठविले. हा सीमेवरचा प्रांत होता. राज्य जर्मनभाषकांचे, लोक पोलिश बोलणारे. विर्खो यांनी परत येऊन जो अहवाल दिला, त्यात औषधांपेक्षा दारिद्र्य, उपासमार, कोंदट घरे आणि लोकांच्या भाषेत न मिळणारे शिक्षण यांविषयी अधिक लिहिले होते. सरकारला तो रुचला नाही. सीमाभागातील वाचकाला मात्र त्यातील मर्म वेगळे सांगावे लागणार नाही.

१९०५ साली अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात डॉ. रिचर्ड कॅबट यांनी बाह्यरुग्ण विभागात समाजसेविकेची नेमणूक केली. क्षयरोग्याला 'विश्रांती घ्या, सकस आहार घ्या' असे सांगून घरी पाठविण्यात अर्थ नाही, हे त्यांना उमगले होते. त्या घरात विश्रांती आणि सकस आहार या दोन्ही वस्तू नसत. आपल्या देशात १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची पहिली नेमणूक झाली.

त्याच १९४६ साली भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. भावी डॉक्टर हा 'सामाजिक वैद्य' असावा, ही त्या अहवालातील कल्पना आपण सर्वांनी प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाच्या तोंडी परीक्षेत उच्चारलेली आहे. १९७५ साली श्रीवास्तव समितीने पुन्हा तोच आग्रह धरला आणि १९७७ साली वैद्यकीय शिक्षणाला ग्रामीण वळण देण्याची योजना आली. या योजनेखाली महाविद्यालयांना मोठ्या गाड्या मिळाल्या. गाड्या खेड्यात गेल्या. शिकविण्याची रीत मात्र बव्हंशी वॉर्डातच राहिली.

महाराष्ट्रात याच सुमारास वेगळे प्रयोग उभे राहत होते. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले आणि अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९८६ पासून डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत घडविली. २००५ साली देशभर 'आशा' कार्यकर्ती आली, तिच्यामागे अशा प्रयोगांची पुण्याई आहे.

आजचे अभ्यासक्रम

आपल्या मुलांना आज कोणते मार्ग खुले आहेत, ते थोडक्यात पाहू.

पहिला मार्ग वैद्यकीय पदवीचा. २०१९ पासून नवा अभ्यासक्रम लागू झाला आणि त्यात वृत्ती, नीती व संवाद यांचा स्वतंत्र पाठ आला. २०२१-२२ च्या तुकडीपासून 'कुटुंब दत्तक' कार्यक्रम सुरू झाला. त्यानुसार प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासूनच खेड्यातील तीन ते पाच कुटुंबांशी संबंध जोडावा आणि तो टिकवावा, अशी अपेक्षा आहे. आंतरवासितेत सामुदायिक वैद्यकासाठी बारा आठवडे ठेवलेले आहेत.

दुसरा मार्ग परिचर्येचा. बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची, आठ सत्रांची पदवी असून तिच्यात सामुदायिक आरोग्य परिचर्या हा विषय सविस्तर आहे. रुग्णाच्या घराशी सर्वाधिक वेळ संबंध याच विद्यार्थ्यांचा येतो, असा माझा अनुभव आहे.

तिसरा मार्ग समाजकार्याच्या पदवीचा, म्हणजे बी.एस.डब्ल्यू.चा. तीन वर्षांच्या या पदवीत आठवड्यातील ठरावीक दिवस क्षेत्रकार्यासाठी असतात आणि विद्यार्थ्याने केलेल्या प्रत्येक भेटीची नोंद मार्गदर्शक तपासतो. पुढे एम.एस.डब्ल्यू. करताना वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य ही विशेष शाखा घेता येते. पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून या क्षेत्रात आहे. कोल्हापूरच्या 'सायबर'मध्येही समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी जो कायदा केला, त्याच्या अनुसूचीत वैद्यकीय समाजसेवकाचा समावेश झाला आहे. आजवर 'ते समाजकार्याचं काय असतं ते' असे ज्याविषयी बोलले जाई, त्या व्यवसायाला कायद्याने ओळख दिली, ही मोठी गोष्ट होय.

हे तिन्ही मार्ग एकाच उंबरठ्याशी येऊन मिळतात. दुर्दैवाने तिन्ही विद्यार्थी तेथे वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वह्या घेऊन येतात आणि घरच्या बाईला तेच प्रश्न तीनदा विचारून जातात.

आपला परिसर : एक उघडे पाठ्यपुस्तक

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १९६३ सालची. किणये, वंटमुरी ही गावे त्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना क्षेत्र म्हणून परिचित आहेत. पुढे जिल्हा रुग्णालयाला जोडून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झाले. परिचर्या महाविद्यालये तर शहरात आणि तालुक्यांच्या ठिकाणी बरीच आहेत. शिकण्याची सोय आहे. शिकण्याजोगे काय आहे, ते पाहू.

निपाणी म्हटले की तंबाखू. तंबाखूच्या वखारी आणि बिडीचा धंदा यांवर या गावाच्या कित्येक पिढ्या जगल्या. १९८१ चे तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांचे आंदोलन आणि महामार्गावर मांडलेला तो ठिय्या आजही जुन्या मंडळींच्या डोळ्यांसमोर आहे. त्याच काळात वखारीतील स्त्रिया संघटित झाल्या. त्यांच्या लढ्यावर 'युगांतर' या गटाने १९८२ साली 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. आरोग्याच्या विद्यार्थ्याने तो अवश्य पाहावा, कारण रोगाचे कारण धुळीत असते तसे मजुरीतही असते, हे त्या स्त्रिया आपल्या तोंडाने सांगतात.

तंबाखू चाळताना आणि कुटताना उडणारी बारीक भुकटी नाकाडोळ्यांत आणि छातीत जाते. शेतात ओल्या पानाला हात लागून निकोटिन त्वचेतून शरीरात भिनते आणि मळमळ, उलटी, भोवळ सुरू होते. बिडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन एकाच बैठकीत तासन् तास मान खाली घालून बसते. हजार बिड्यांमागे मजुरी, त्यामुळे उठले की मजुरी बुडते. पाणी कमी पिणे, लघवी तुंबवून धरणे, अंगावरून जात असले तरी न सांगणे, या सवयींचे मूळ त्या हजाराच्या हिशेबात आहे. 'भरपूर पाणी पीत जा' हा आपला सल्ला तिला किती पैशांना पडतो, याचा हिशेब आपण कधी केलेला नसतो.

कायद्याची बाजूही विद्यार्थ्याला ठाऊक हवी. बिडी कामगारांसाठी १९६६ साली सेवाशर्तींचा आणि १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला. त्या निधीसाठी बिडीवर उपकर होता. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा तो रद्द झाला. कायदे पुढे नव्या संहितांत गेले. या सर्व घडामोडींत वळणाऱ्या बाईच्या हातात ओळखपत्र आहे की नाही, एवढाच प्रश्न शेवटी महत्त्वाचा उरतो. ज्याचे ओळखपत्र नाही, तो कामगार कागदावर अस्तित्वातच नसतो. समाजकार्याचा विद्यार्थी हे ओळखतो. वैद्यकीय विद्यार्थ्याला ते कोणी सांगत नाही.

याच जिल्ह्यात सौंदत्तीची यल्लम्मा आहे. देवदासी प्रथेवर १९८२ साली कर्नाटकाने कायद्याने बंदी घातली. या प्रथेतून बाहेर आलेल्या स्त्रियांनी १९९७ साली 'मास' या नावाने स्वतःची संघटना उभी केली. एच.आय.व्ही.च्या साथीच्या काळात ज्या बाईकडे बोट दाखविले गेले, तिनेच दुसऱ्या बाईचा हात धरून तिला तपासणीला आणले, अशी उदाहरणे या जिल्ह्यात पाहावयास मिळाली. असा पाठ ग्रंथालयात सापडत नाही.

एक धडा

येथे स्वतःच्या व्यवसायातील एक प्रसंग नमूद करतो. तो सांगण्यात भूषण काही नाही; उपयोग मात्र आहे.

क्षयरोगाचा डॉट्स कार्यक्रम आपल्या भागात आला, त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतील ही गोष्ट. माझा दवाखाना औषध देण्याचे केंद्र म्हणून नोंदविलेला होता. बिडी वळणारी पस्तिशीतील एक बाई खोकल्यासाठी आली. तंबाखूच्या धुळीचा खोकला समजून मी तिला दोन वेळा औषध दिले आणि तिसऱ्या वेळी थुंकी तपासण्यास पाठविले. तपासणीत क्षयरोगाचे जंतू दिसले. आठवड्यातून तीन दिवस माझ्यासमोर गोळ्या घ्यायच्या, असे ठरले. दोन महिने ती नियमाने आली. खोकला थांबला, वजन वाढले आणि एके दिवशी ती यायची बंद झाली. माझ्या सांगण्यावरून आरोग्य खात्याचा माणूस तिच्या घरी जाऊन आला. ती कागल तालुक्यात माहेरी गेली आहे, असे कळले. मी कार्डावर 'उपचार सोडला' असे लिहिले आणि विषय संपविला. मनात म्हटले, या लोकांना बरे वाटले की औषध नको असते.

पाच महिन्यांनी समाजकार्याच्या पदवीची एक विद्यार्थिनी क्षेत्रकार्यासाठी माझ्याकडे आली. तिला काही काम द्यायचे म्हणून मी सोडून गेलेल्या रुग्णांची यादी दिली. आठ दिवसांनी ती परत आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "सर, ती बाई माहेरी गेलीच नव्हती. इथेच आहे. खोकला पुन्हा सुरू झालाय."

तिने घातलेले कोडे तिनेच उलगडले. त्या बाईच्या थोरल्या मुलीचे लग्न ठरत होते. माझ्या दवाखान्याच्या दारावर कार्यक्रमाचा फलक होता आणि ठरावीक वारी कोण येते, हे समोरच्या चहाच्या टपरीवर सर्वांना ठाऊक झाले होते. त्यात चौकशीला आलेल्या माणसाने गल्लीत तिचे नाव विचारले आणि कशासाठी तेही सांगितले. घरच्यांनी 'माहेरी गेली' असे सांगून वेळ मारून नेली. शिवाय औषधाच्या दिवशी उपाशीपोटी यायचे, गोळ्यांनी मळमळ व्हायची आणि त्या दिवशीच्या बिड्या निम्म्यावर यायच्या. यातले काहीही मी विचारले नव्हते. ती विद्यार्थिनीही एकदम विचारायला गेली नव्हती. पहिल्या दिवशी ती नुसती तिच्याजवळ बसून पाने कातरू लागली होती.

तिसरी गोष्ट तिने सर्वांत शेवटी सांगितली. घरात चार वर्षांचा मुलगा होता. त्याच्या मानेत गाठी आल्या होत्या.

क्षयरोग्याच्या घरातील सहा वर्षांखालील मुलांना प्रतिबंधक औषध द्यावे, हा त्या कार्यक्रमातील नियम मला पाठ होता. 'घरात लहान मूल आहे का?' हा प्रश्न मी दोन महिन्यांत चोवीस भेटींमध्ये एकदाही विचारला नव्हता.

पुढचा मार्ग त्या विद्यार्थिनीनेच सुचविला. बिड्या देण्यास जाण्याच्या वाटेवर अंगणवाडी होती. तेथील ताईंनी औषध देण्याचे काम स्वीकारले. धाकट्याला घेऊन आई अंगणवाडीत जाते, यात कोणाला काही वावगे दिसले नाही. वेळ दुपारची, जेवणानंतरची ठरली. त्या काळच्या पद्धतीनुसार पुन्हा आठ महिन्यांचा उपचार, सुरुवातीला इंजेक्शनांसह, तिला घ्यावा लागला. तो तिने पूर्ण केला. मुलगाही बरा झाला. मानेवरचा व्रण राहिला. त्या व्रणाकडे पाहिले की मला माझी पदवी आठवते.

या प्रसंगातून विद्यार्थ्याने घ्यावयाचा बोध असा : माझे निदान बरोबर होते, औषध बरोबर होते, कार्डावरील नोंदही त्या वेळच्या माहितीप्रमाणे बरोबर होती. चूक होती ती न विचारलेल्या प्रश्नांत. ते प्रश्न विचारण्याचे शिक्षण त्या मुलीला तीन वर्षे मिळत होते आणि मला साडेपाच वर्षांत मिळाले नव्हते.

एका घराचा अभ्यास कसा करावा

कुटुंब दत्तक घेणाऱ्या किंवा क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्याने पुढील पाच गोष्टी समजून घ्याव्यात, असे सुचवावेसे वाटते.

१. घराचा दिवस. कोण किती वाजता उठते, पाणी कोण भरते, शेवटी कोण जेवते. औषधाची वेळ या दिवसात बसते की नाही, ते यावरून कळते.

२. घराचा पैसा. मिळकत किती यापेक्षा ती कोणाच्या हातात येते, हे महत्त्वाचे. दवाखान्यात जाण्यासाठी बाईला कोणाजवळ पैसे मागावे लागतात, ते पाहावे.

३. घराचा आधार. आजारी पडल्यावर कोण उशाशी बसते, आणि तो आधार देणारे माणूस स्वतः आजारी पडले तर कोण, हेही विचारावे.

४. घराचे कागद. शिधापत्रिका, आधार, आयुष्मान कार्ड, बिडी कामगाराचे ओळखपत्र, पेन्शनचा कागद. ज्या घरात कागद पत्र्याच्या ट्रंकेत नीट ठेवलेले असतात, त्या घराचे निम्मे प्रश्न सुटलेले असतात.

५. घराची लाज. कोणता आजार येथे लपविला जातो आणि का. ही गोष्ट विचारून कळत नाही, बसून कळते. कळल्यावर ती गल्लीत, वर्गात किंवा वहीत नावानिशी येऊ नये, ही विद्यार्थ्याची पहिली प्रतिज्ञा असावी.

भाषा आणि सीमा

आपल्या भागातील रुग्ण आजार सांगतो तो पुस्तकातील शब्दांनी सांगत नाही. 'कसनुसं होतंय', 'पोटात खड्डा पडल्यागत वाटतंय', 'जीव घाबरा होतोय', 'अंगात कणकण हाय' या प्रत्येक वाक्याचा अर्थ निराळा आहे. शेजारच्या कन्नडभाषक गावात तेच 'सुस्तु', 'दम्मु', 'होट्टेनोवु' असे येते. परप्रांतातून आलेला विद्यार्थी दुभाष्यामार्फत इतिहास घेतो, तेव्हा 'जीव घाबरा होतोय' याचे 'छातीत दुखते' होऊन जाते आणि हृदयालेख काढला जातो. बाई सुनेच्या बाळंतपणाच्या काळजीने घाबरी झालेली असते.

सीमाभागातील विद्यार्थ्याला मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत रुग्णाशी बोलता आले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. भाषेचा प्रश्न आपल्यासाठी १९५६ पासूनचा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे, आणि तो तसाच राहील. परंतु खाटेवर पडलेल्या माणसाच्या उशाशी भाषा ही ऐकण्यासाठी असते. ज्या डॉक्टराने आपल्या मातृभाषेची किंमत ओळखली आहे, त्यालाच दुसऱ्याच्या मातृभाषेतील वेदना लवकर कळावी.

सीमेचा दुसरा प्रश्न योजनांचा. निपाणीहून कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटर, तर बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. अडलेला रुग्ण साहजिकच कागल ओलांडून सी.पी.आर.ला किंवा कोल्हापुरातील खासगी रुग्णालयात जातो. त्याचे कार्ड एका राज्याचे आणि खाट दुसऱ्या राज्याची असते. २०१८ साली आलेल्या आयुष्मान भारत योजनेत राज्याबाहेरही लाभ घेण्याची तरतूद आहे. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि त्यावरून दोन राज्यांत वादही झाला. रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेत बसलेल्या मुलाला यांपैकी कोणता कागद कोठे दाखवायचा, हे सांगणारे माणूस लागते. रुग्णालयात ते माणूस म्हणजे वैद्यकीय समाजसेवक. हा माणूस आमच्याकडे प्रशिक्षित आणि द्विभाषिक असावा, ही मागणी अवास्तव नव्हे.

उंबरठ्यावर घडलेले संशोधन

सामाजिक आधाराचा अभ्यास म्हणजे दुय्यम शास्त्र, असा समज काही व्यवसायबंधूंचा आहे. त्यांच्यासाठी आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण पुरेसे आहे. सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातील ग्रामीण भागात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहभागाने एक चाचणी झाली. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या उपयोगी पडतात का, हा प्रश्न होता. १,६२० स्त्रिया चाचणीत होत्या. घरी किंवा उपकेंद्रात बाळंतपण करणाऱ्या सहायक परिचारिकांनी गोळ्या दिल्या आणि रक्त मोजण्याचे कामही त्यांनीच केले. रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. तीव्र रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर. २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी मिसोप्रोस्टॉलचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

शीतपेटी नाही, वीज नाही, डॉक्टर नाही अशा घरात काय टिकेल आणि कोण देऊ शकेल, या सामाजिक प्रश्नातून ही चाचणी निघाली. आपल्या पंचक्रोशीतील परिचारिकांनी मोजलेले रक्त जगाच्या उपयोगी पडले. त्या परिचारिकांपैकी कोणाची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, याचे मात्र वाईट वाटते.

काही सूचना

१. आपल्या संस्थेच्या सभासदांनी दरवर्षी दोन-तीन विद्यार्थ्यांना, शाखा कोणतीही असो, आपल्या दवाखान्यात क्षेत्रकार्यासाठी घ्यावे. आणि त्यांना केवळ केसपेपर काढण्यास बसवू नये.

२. वैद्यकीय, परिचर्या व समाजकार्य या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांनी एकाच कुटुंबाला एकत्र भेट द्यावी, असा प्रयोग एखाद्या गावात करून पाहावा.

३. आजाराच्या वर्णनाचे आपल्या भागातील मराठी व कन्नड शब्द एकत्र करून एक छोटी पुस्तिका काढावी. ज्येष्ठ डॉक्टरांनी आणि आशाताईंनी मिळून बसले तर एका पावसाळ्यात ती पुरी होईल.

४. समाजकार्य व परिचर्या या पदव्यांना जाणाऱ्या गरजू मुलामुलींसाठी संस्थेने शिष्यवृत्ती ठेवावी आणि वार्षिक संमेलनात त्यांचा सत्कार वैद्यकीय प्रवेश मिळविणाऱ्यांच्या रांगेतच करावा. पाहुणेमंडळी काय म्हणतील, या प्रश्नाचे उत्तर त्या रांगेतूनच मिळेल.

समारोप

क्षयरोगाच्या कार्यक्रमात आज पुष्कळ बदल झाला आहे. औषध रोज घ्यावयाचे असते. पोषणासाठी रुग्णाच्या खात्यात २०१८ पासून दरमहा पाचशे रुपये जमा होऊ लागले, ते नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. रोगासोबत भूकही मोजावी लागते, हे शासनाच्या हिशेबात आले, ही आनंदाची गोष्ट आहे. हजार रुपये खात्यात जमा होतात; पण मुलीचे लग्न ठरते आहे, ही गोष्ट कोणत्याही खात्यात जमा होत नाही. ती जाणण्यासाठी शिकलेले माणूसच दारात जावे लागते.

तेव्हा येत्या जूनमध्ये कोणी पालक खुर्चीतून उठता उठता पुन्हा बसले आणि तोच प्रश्न त्यांनी विचारला, तर पुढच्या रुग्णाला दोन मिनिटे थांबवावे. त्यांना सांगावे की, आपल्या लेकीला या शिक्षणाला जरूर घाला. तिथे ती जे शिकेल, ते आम्हा डॉक्टरांनाही शिकायचे राहून गेले आहे. माझ्या दवाखान्यात पाच महिन्यांचा उशीर एका विद्यार्थिनीने आठ दिवसांत भरून काढला होता. ती त्या वेळी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती.